उभी पिंपं

गाडी फाटकातून आत वळली तेव्हा थोरल्याने आधी इंजिन ऐकलं आणि मग बहीण आल्याचं त्याच्या ध्यानात आलं. गॅरेजवाल्यांचं असंच असतं. आधी गाडी, मग तिच्यातला माणूस. इंजिनाच्या पोटातून टकटक येत होती, बारीक पण सारखी, आणि ती कसली हे ओळखायला त्याला बॉनेट उघडायची गरज नव्हती. बेअरिंग बोलायला लागलं होतं. बिनऑइलची पळवली असणार, तो मनाशी म्हणाला, आणि त्याला चक्क बरं वाटलं. भांडायला येणाऱ्या माणसाची एखादी चूक आधीच आपल्या हाती लागली की तेवढाच धीर येतो.

सुट्टीचा दिवस होता. शटर अर्ध्यावर ओढलेलं, कामगार घरी. दुपार कलल्यावर व्यापारी ट्रक घेऊन येणार होता आणि मागच्या अंगणातली ऑइलची सगळी पिंपं उचलून नेणार होता. ही गोष्ट फक्त थोरल्याला आणि धाकट्या भावाला, बारक्याला, ठाऊक होती. म्हणजे बहिणीलाही ठाऊक झाली होती, कारण बारक्याच्या पोटात लहानपणापासून काही राहत नसे.

गेला महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. जहाजं अडकलीत म्हणे. कारखान्याला कच्चा माल नाही म्हणे. इंजिन ऑइल येणं बंद होणार म्हणे. दुकानदार एका गिऱ्हाइकाला एकच डबा देत, तोही ओळखीच्याला, आणि देताना तोंड असं करत की जणू मूत्रपिंड काढून देताहेत. टंचाई खरी की खोटी हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नव्हतं, पण वाढलेला भाव खरा होता. ज्यांना एक डबा पुरला असता ते चार शोधत फिरत होते, आणि मग खरोखरच कोणाला काही मिळेनासं झालं.

थोरल्याने हे वारं बरंच आधी ओळखलं होतं. मिळतील तेवढी पिंपं त्याने उचलली आणि मागच्या भिंतीलगत एकाला एक खेटून उभी केली, वर ताडपत्री टाकली. विचारेल त्याला सांगितलं, माझ्याकडेच नाही हो. बहिणीलाही हेच सांगितलं होतं.

"चिमे, इंजिन ऐकलंस का तुझं?" ती गाडीतून उतरायच्या आत तो म्हणाला.

"ऐकलं. तुझ्याकडेच आलेय," ती म्हणाली. "आधी वर चल. जेवायला बोलावलंय ना वहिनींनी?"

*

वर जेवणाच्या टेबलाशी पाच खुर्च्या होत्या आणि सहावी खिडकीशी. सहावीत बाबा बसत. त्यांना अख्खा बाजार मिस्त्री म्हणायचा. गॅरेज त्यांनी उभं केलं, नाव त्यांचं, पाटीवरची अक्षरंही त्यांनीच रंगवलेली. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या इंजिनात त्यांच्या हातून फडकं राहून गेलं. ते कळलं तेव्हा थोरल्याने त्या गिऱ्हाइकासमोर त्यांच्याकडून गॅरेजची किल्ली काढून घेतली आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही आता वर बसा. खालच्या कामात यापुढे एक शब्द बोलायचा नाही." बाबांनी ते अक्षरशः पाळलं. वर्षभरात ते जिना उतरले नव्हते. सकाळी खिडकीशी बसत, मागच्या अंगणाकडे बघत, जेवायला हाक मारली तर ताट तिथेच मागवत. हे दुखावलेल्या माणसाचं पाळणं होतं. त्यात आज्ञाधारकपणा औषधालाही नव्हता.

जेवण सुरू होऊन चार घास झाले नसतील.

"दादा, सरळ विचारते," चिमी म्हणाली. "मागे काय आहे?"

"मागे अंगण आहे."

"अंगणात काय आहे?"

"ताडपत्री."

बारक्याला हसू फुटलं. थोरल्याने बघितल्यावर त्याने ते खोकल्यात जिरवलं.

"ताडपत्रीखाली काय आहे ते मी सांगू की तू सांगतोस?" चिमी म्हणाली. "माझी मोठी गाडी आठवडाभर उभी आहे. ऑइल इतकं काळं झालंय की चालवायची हिंमत होत नाही. इस्पितळाचा माणूस काल येऊन गेला. उद्या सकाळच्या पाळीला दोन्ही गाड्या दारात नसतील तर काम दुसऱ्याला देतो म्हणाला. नर्सबायका कोपऱ्याकोपऱ्यावर उभ्या राहतात रे, मी नाही गेले तर वॉर्ड रिकामे राहतात. त्याचं तरी काय चुकलं?"

"बाजारात घे."

"बाजारात आहे कुठे? बाजारात होतं ते तुझ्या अंगणात आहे!"

"चिमे, मी जोखीम घेतली. माझी झोप उडाली तेव्हा तू नव्हतीस भागीदार. आता भाव आलाय तर सगळ्यांना आठवण झाली की आपण एका आईची लेकरं."

"भाव देते की मी. बाजारभावाने दे. पण दे."

"तसं सुटं नाही देता येत. सगळा माल एकाच माणसाला ठरलाय."

"दादा, एक पिंप," बारक्या म्हणाला. तो पुढच्या दुकानात फिल्टर, पट्टे, प्लग विकायचा आणि घरात सहसा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूला असायचा. पण फोन करून चिमीला बोलावलं त्यानेच होतं, आणि निदान चार घास तरी तिच्या बाजूने बसायचं असं त्याने ठरवलं होतं. "एक कमी झालं तर व्यापारी काय फाशी देणार आहे? सख्ख्या बहिणीची गोष्ट आहे. आई असती तर—"

"आईला मध्ये आणू नकोस."

"का नको? आईनेच सांगितलं होतं, चिमीचं बघा म्हणून. तुला सांगितलं होतं, मला नाही."

थोरल्याने ताट सरकवलं. "बारक्या, जरा इकडे ये."

दोघे जिन्याकडे गेले. टेबलाशी चिमी आणि वहिनी उरल्या, आणि खिडकीशी तो पाठमोरा म्हातारा.

*

थोरली सून भात वाढायचं निमित्त करून उभीच राहिली. तिला बसवत नव्हतं. तिच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती नवऱ्याच्या कानावर गेली तर काय होईल या विचाराने गेले दहाबारा दिवस तिला धड जेवण गेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ती आजारी पडली होती. आठवड्यातून दोनदा इस्पितळात न्यावं लागे. नवरा म्हणायचा, गॅरेज कोण बघणार, आणि रिक्षा सांगायचा. नणंद पहाटेची पाळी पोचवून तशीच परत यायची, हिला उचलून गाडीत बसवायची, मागच्या सीटवर उशी ठेवायची. ओकारी झाली तर स्वतः पुसायची. एकदाही तिने याचा उच्चार कोणापुढे केला नाही. नवऱ्याने बहिणीला "माझ्याकडेच नाही" म्हणून फोन ठेवला त्या दिवशी थोरली सून शेजारी भाजी निवडत होती, आणि तिला नवऱ्याची अशी किळस आली की ती स्वतःच घाबरली. दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेल्यावर ती हातपंप घेऊन अंगणात उतरली, ताडपत्रीचं टोक उचललं आणि नळाजवळच्या कोपऱ्यातल्या पिंपातून एक कॅन भरून घेतला. मग तो पिशवीत घालून नणंदेच्या घरी नेऊन दिला. लहान गाडी त्याच ऑइलवर चालली होती.

"वहिनी," चिमी हळूच म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका हं. मी बघते."

"ताई, तुम्ही जेवा."

"जेवतेय."

ती जेवत नव्हती. भाताचे नुसते ढीग करत होती.

*

जिन्यावर बारक्या कठड्याला टेकून उभा होता आणि आपण आज हार खायची नाही असं स्वतःला सांगत होता. थोरला ओरडला असता तर त्याने नक्की हार खाल्ली नसती. पण थोरला ओरडला नाही. त्याने खांद्यावर हात ठेवला.

"बारक्या, पुढचं दुकान तुला हवंय ना?"

बारक्याने कठडा सोडला.

"नावावर करून देतो. ट्रक गेला की उद्याच. मी काही तुझं खाणार नाही. पण व्यापाऱ्याला मी सगळी पिंपं म्हणून शब्द दिलाय. एक जरी कमी असलं तर तो भाव पाडणार. पाडू दे म्हणतोस का? तू सांग, पाडू दे."

बारक्याला बायको दिसली, जी रोज विचारायची की आपण या घरात नोकर आहोत की भाऊ. पाटी दिसली, नव्या अक्षरांची. चिमीही दिसली, नाही असं नाही. पण चिमी कशीही निभावते, नेहमीच निभावत आलीय, असं त्याला वाटलं, आणि हा विचार त्याला फार सोयीचा वाटला.

"एखादा कॅन तरी..." तो म्हणाला.

"बघू नंतर. कॅनचं बघू."

परत येऊन बारक्या बसला तो ताटाकडे बघत. चिमीने त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि तिला सगळं समजलं. लहानपणी मार चुकवायला तो तिच्याच पाठी लपायचा, आणि पकडल्यावर तिचंच नाव सांगायचा.

"किती वेळ टिकलास रे," ती म्हणाली. "भात निवलासुद्धा नाही."

"तसं नाही ताई, दादाचंही बरोबर आहे. शब्द दिलाय म्हटल्यावर..."

"आणि मला काय दिलंयस तू फोनवर?"

"पुरे," थोरला म्हणाला. आता त्याने हातातला पत्ता टाकला. "मोठ्या गाडीचं रडतेस, लहानीचं काय केलंयस? आत येताना ऐकलं मी. बेअरिंग गेलंय तिचं. ऑइल न बदलता पळवलीस, होय ना? वेळेवर एवढंसं काम करता येत नाही आणि माझ्याकडे पिंपं मागायला येतेस. कितीही ओतलं तरी तू इंजिनं मारूनच टाकणार. तुझ्या हाती गाडी द्यायचीच लायकी नाही."

चिमीला म्हणता आलं असतं, बदललंय ऑइल, दहा दिवसच झालेत. मग पुढचा प्रश्न आला असता, कुठून आणलंस. तिने भाताच्या ढिगात बोट खुपसलं.

"हो," ती म्हणाली. "चुकलं माझं."

मग ती खिडकीकडे वळली. "बाबा, तुम्ही बोला काहीतरी. तुमचंच आहे ना हे सगळं अजून?"

बाबा वळले नाहीत. या क्षणाची त्यांनी वर्षभर वाट पाहिली होती, कोणीतरी विचारेल आणि आपण नाही म्हणू.

"खालच्या कामात मी बोलत नाही," ते म्हणाले. "तसं ठरलंय. विचार तुझ्या भावाला."

"बाबा, माझं काम जातंय."

"माझंही गेलं. तेव्हा कोण बोललं होतं?"

चिमी त्या दिवशी तिथे नव्हतीच. पण रुसलेल्या म्हाताऱ्याला कोण कुठे होतं याच्याशी कर्तव्य नसतं. थोरली सून मात्र नणंदेकडे बघत होती. आपल्याला वाचवायला ही बाई भर टेबलावर स्वतःला नालायक ठरवून घेत होती, आणि दोन्ही भाऊ आरामात ते ऐकत होते. तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"ताईंनी ऑइल बदललंय," ती म्हणाली. "मी दिलं होतं."

कोणाला काही उमजेना.

"मी दिलं. आपल्या पिंपातलं. एक कॅन. तुम्ही बाहेर गेला होतात."

थोरला आधी हसला, मग उभा राहिला. "माझ्या घरात चोरी? तू?"

"चोरी म्हणा. मला उचलून इस्पितळात कोण नेत होतं तेही म्हणा एकदा तोंडाने."

"वहिनी, कशाला सांगितलंत," चिमी म्हणाली.

"ऐकून घेतलंत ना तुम्ही? मला नाही ऐकवलं."

"बारक्या, बघ, बघतोस का? बायको चोर, बहीण चोरीचा माल घेणारी, आणि वर मलाच—"

"कुठल्या पिंपातलं?"

हा आवाज खिडकीकडून आला होता. बाबा खुर्ची वळवून बसले होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"सूनबाई, कुठल्या पिंपातलं काढलंत?"

"नळाजवळच्या. कोपऱ्यातल्या."

"पंपाची नळी तळापर्यंत घातलीत?"

"हो. भरभर यावं म्हणून."

"आणि चिमे, तू ते या गाडीत घातलंस? या, खाली उभी आहे त्या?"

"हो. का बाबा?"

बाबा उठले. खुर्चीचा हात धरून, मग टेबल, मग कठडा. वर्षभर न उतरलेला जिना ते उतरायला लागले, आणि त्यांना धरायला कोणी पुढे झालं तर हात झिडकारत गेले.

*

बॉनेट चिमीनेच उघडलं. ऑइल मोजायची पट्टी तिने ओढून काढली आणि उन्हात धरली. पट्टीवर ऑइल नव्हतं. दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं काहीतरी होतं, दाट, ओघळायला तयार नसलेलं. झाकण फिरवलं तर त्याच्या आत पिवळट साय धरलेली.

"पाणी," बारक्या म्हणाला. तेवढं त्यालाही कळत होतं.

चिमी ती पट्टी धरून उभी राहिली. भरताना तिला रंग थोडा फिका वाटला होता. शेडमध्ये उजेड कमी होता, आणि फुकट मिळालेल्या, चोरून मिळालेल्या, मायेने मिळालेल्या वस्तूचा रंग कोण बघत बसतं?

थोरला धावतच अंगणात गेला. त्याने ताडपत्री ओढली तेव्हा तिच्या झोळात साचलेलं पाणी त्याच्या पायावर पडलं. ताडपत्री ठिकठिकाणी झिरपली होती आणि पिंपांच्या डोक्यांवर कडेपर्यंत गंजाची वर्तुळं होती. त्याने कोपऱ्यातल्या पिंपात पंप घातला, नळी तळाशी टेकवली, दांडा मारला. आधी स्वच्छ पाणी आलं, मग ते चहासारखं. दुसऱ्यात घातला, तिसऱ्यात घातला. सगळीकडे तेच, कुठे कमी, कुठे जास्त.

"बुचं बंद होती!" तो ओरडला. "मी स्वतः लावली होती."

"सील तोडून," बाबा म्हणाले. ते भिंतीला टेकून उभे होते. "विकणाऱ्याने भेसळ केली असेल म्हणून एकेक पिंप उघडून वास घेतलास. मग बुचं हाताने आवळलीस. पान्याने नाही. आणि उभी ठेवलीस."

बाकी त्यांना सांगावं लागलं नाही. या घरात पिंप निजवायचं असतं हे मुलांना अक्षरओळखीआधी कळलेलं होतं. पिंप दिवसा तापतं, रात्री निवतं, आणि निवताना बाहेरचं आत ओढतं. डोक्यावर पाणी साचलेलं असलं तर पाणीच ओढतं. म्हणून ते आडवं निजवायचं, दोन्ही बुचं एका पातळीत, म्हणजे आतून ऑइलच बुचांना बंद ठेवतं. लहानपणी थोरला त्या निजलेल्या पिंपांवर घोडा घोडा खेळला होता. त्याला हे ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणूच शकत नव्हतं. पण उभी केली की जास्त मावतात, आणि भिंतीआड दिसतही नाहीत.

चिमी पट्टी हातात घेऊन तशीच अंगणात आली होती. ती पिंपांकडे बघत नव्हती. वर बघत होती, खिडकीकडे. तिथून अंगण किती स्वच्छ दिसतं ते तिला इथून कळत होतं.

"बाबा, तुम्ही बघत होतात?"

बाबांनी नजर ताडपत्रीकडे वळवली.

"पाऊसभर? तुम्ही तिथे बसून बघत होतात, पाणी साचताना?"

"मला बोलायची बंदी होती."

"एक शब्द. 'निजव' एवढा एक शब्द."

"त्याने गिऱ्हाइकासमोर..." बाबांचा आवाज फुटला. "मला वाटलं, कळू दे त्याला. एकदा अंगाशी येऊ दे, म्हणजे येईल वर, विचारेल, बाबा, हे असं का झालं. तुझ्यापर्यंत जाईल हे मला कुठे ठाऊक होतं? तू मला सांगितलंस का? तुम्ही दोघींनी मला सांगितलंत का?"

त्यांना खरंच रडू येत होतं. चिमीला त्यांची दया आली नाही. पुढे अनेक वर्षांनी यायची होती, पण त्या दुपारी आली नाही.

*

फाटकाबाहेर हॉर्न वाजला.

सगळ्यात आधी थोरला भानावर आला. हा गुण त्याच्यात होताच. त्याने पंप पिंपातून ओढून काढला, बारक्याच्या हातात दिला, म्हणाला, "आत ठेव." मग सगळ्यांकडे तोंड करून, आवाज खाली आणून बोलला.

"पाणी तळाला आहे. वरचं ऑइल साफ दिसतं. तो वरूनच बघेल."

"दादा, ट्रक हलला की घुसळून निघेल," बारक्या म्हणाला.

"हलेपर्यंत तो गेलेला असेल. मग त्याच्या गोदामात पाणी शिरलं असेल, मला काय माहीत?" तो चिमीकडे वळला. "चिमे, ऐक. हा माल गेला तर मी तुझं इंजिन नवं बसवून देतो. मोठ्या गाडीला ऑइल आजच आणतो, त्याच्याचकडून, सीलबंद. शब्द देतो. आणि नाही गेला तर माझ्याकडे काही नाही, बारक्याकडे नाही, तुझ्याकडे नाही. तू ठरव."

"अहो," थोरली सून म्हणाली, "ते कोणाच्या तरी गाडीत जाणार."

"कोणाच्या तरी," थोरला म्हणाला. "आपल्या नाही ना."

बारक्या पंप घेऊन आत गेलासुद्धा होता. तासाभरापूर्वी एका टेबलावर बसून हे कुटुंब एका गोष्टीवर एकमत होऊ शकलं नव्हतं. आता थोरल्या सुनेचं ते एक वाक्य सोडलं तर सगळे एकाच बाजूला होते. फक्त चिमी आणि बाबा काही बोलले नव्हते.

व्यापारी आत आला, रुमालाने मान पुसत. बोलका माणूस होता. पहिल्याच पिंपाचं बूच त्याने उघडलं, एक काडी आत बुडवून काढली, बोटांत चोळली. साफ होतं. दुसऱ्याकडे वळताना त्याला भिंतीशी उभे असलेले बाबा दिसले आणि त्याचं तोंड खुललं.

"मिस्त्री! तुम्ही स्वतः खाली? अहो, गाव म्हणतं तुम्ही अंथरुणाला खिळलात. तुम्ही माल बघितलाय ना? मग मी कशाला काड्या बुडवत बसू?" त्याने काडी टाकून दिली. "एका पिंपाचं सील तुटलं म्हणून तुम्ही माझ्या वडिलांचा भरलेला ट्रक परत पाठवला होता. ते मरेपर्यंत शिव्या देत होते, आणि मला सांगायचे, विश्वास ठेवायचा तर त्याच माणसावर. बोला, माल चांगला आहे ना?"

बाबांनी चिमीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणाची तरी परवानगी मागत होते.

चिमीच्या हातात पट्टी होती. ती नुसती वर उचलून दाखवायची, एवढंच काम होतं. तिच्या मनात सकाळचा कोपरा आला, नर्सबायका, हातातले डबे, घड्याळाकडे बघणं. मग दुसरंही कोणी आलं, चेहरा नसलेलं, कुठल्यातरी शेडमध्ये कमी उजेडात इंजिनावर वाकलेलं, एकदाचं मिळालं म्हणून हात जपून धार सोडणारं. ते माणूस कसं वाकतं, कसं खूश होतं, हे तिला या अंगणातल्या कोणाहीपेक्षा नीट माहीत होतं.

तिने ओढणीच्या टोकाने पट्टी पुसली. शांतपणे, वरपासून खालपर्यंत. मग ती गाडीकडे गेली, पट्टी जागेवर सारली आणि बॉनेट पाडलं.

"चांगला आहे," बाबा म्हणाले.

हमालांनी पिंपं तिरक्या फळीवरून ट्रकमध्ये चढवली. वर नेऊन त्यांनी एकेक आडवं निजवलं, लाकडाच्या पाचरी लावल्या, आणि एकाने हाताने फिरवून फिरवून बुचं एका पातळीत आणली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाबा शेवटचं पिंप निजेपर्यंत बघत उभे राहिले.

ट्रक गेल्यावर थोरली सून वर गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा जरा मोठा. बारक्या पुढच्या दुकानाची पाटी बघायला गेला असावा. थोरल्याने खिशातून किल्ली काढली आणि बाबांपुढे धरली. त्याच्या मनात खरंच माया दाटून आली होती.

"बाबा, उद्यापासून खाली या. चिमीचं इंजिन तुम्हीच उघडा."

वर्षभर हेच शब्द ऐकायला बाबा खिडकीशी बसले होते. ते किल्लीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती घेतली.

चिमी गाडीला टेकून उभी होती. तिच्या ओढणीचं टोक चहाच्या रंगाचं झालं होतं आणि ती ते मुठीत दाबून धरत होती.

"लवकर उघडा, बाबा," ती म्हणाली. "माझा खोळंबा होतोय."